कानाची तपासणी पास, मग हाक का पोचत नाही? कावीळ, अपुऱ्या दिवसांची बाळं आणि एक गाजलेला पेपर

विश्रांतवाडीत राहणाऱ्याला विमानाचा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. लोहगावहून लढाऊ विमान उडालं की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि फोनवर बोलणारा माणूस आपोआप मधेच थांबतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा नातू विमानाला दचकायचा. त्यामुळे तो अकरा महिन्यांचा होईपर्यंत घरात कुणाला शंकाच आली नाही. हाक मारली तर कधी बघायचा, कधी नाही. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याच्या बापाचंही असंच होतं', हे सगळं म्हणून झालं. मग एका दिवशी त्याच्या मागे ताट पडलं आणि तो खेळतच राहिला.

काकू फाइल घेऊन खाली आल्या. तिसाव्या आठवड्यात जन्म, वजन 1250 ग्रॅम, काही दिवस ऑक्सिजन, अँटिबायोटिक्स, कावीळ, पाच दिवस निळ्या दिव्याखाली. आणि डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ: ओएई, दोन्ही कान पास. आता दुसऱ्या ठिकाणी बेरा केली होती आणि तिच्या आलेखात लहरीच उमटल्या नव्हत्या. काकूंचा प्रश्न सरळ होता. "तू पीएचडी करतेस ना गं? मग मला सांग, पहिलं मशीन खोटं की दुसरं?"

दोन्ही खरी होती. हे त्यांना सांगायला मला दहा मिनिटं लागली. तुम्हाला जरा जास्त वेळ घेऊन सांगणार आहे, कारण हीच चूक माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये होती, आणि तुमच्यापैकी जे आरोग्याच्या विषयात संशोधनाला उतरणार आहेत त्यांच्या सिनॉप्सिसमध्ये ती असण्याची शक्यता बरीच आहे. माझा विषय होता 'एनआयसीयूतील बाळांमधील कावीळ व श्रवणदोष यांचा संबंध'. साधन: ओएई. स्वस्त, दोन मिनिटांत होणारं, बाळ झोपलेलं असलं की झालं. गाइडनी तो कागद वाचून एकच प्रश्न विचारला: "बिलीरुबिन इजा कुठे करतं?" मी म्हटलं, कानाला. ते म्हणाले, "कानाला म्हणजे नेमकं कुठे?" मला उत्तर आलं नाही.

उत्तर असं आहे. ऐकण्याची वाट लांब आहे. आवाज कानाच्या पडद्यावरून आतल्या शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात जातो. तिथे केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या ओळी असतात. त्यांतल्या बाहेरच्या ओळी आवाजाला नुसत्या हलत नाहीत, तर स्वतःही एक अतिसूक्ष्म आवाज परत बाहेर सोडतात. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये हा परतीचा आवाज पकडून दाखवला आणि त्यावरच ओएईची तपासणी उभी आहे. म्हणजे ओएई पास याचा अर्थ एवढाच, की बाहेरच्या केसपेशी जिवंत आहेत. तिथून पुढे आवाजाचा संदेश श्रवणनसेत शिरला का, मेंदूच्या देठापर्यंत गेला का, हे ओएईला कळत नाही. ते बघतं बेरा: डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून, कानात टकटक आवाज सोडून, नस आणि मेंदूच्या देठातून उठणाऱ्या लहरी मोजतात.

आता रक्तातलं बिलीरुबिन मेंदूत उतरलं तर त्याला आवडणाऱ्या जागा ठरलेल्या असतात. मेंदूच्या देठातली श्रवणकेंद्रं त्यात येतात, श्रवणनस येते. बाहेरच्या केसपेशी बहुधा सुटतात. म्हणजे कावीळ ज्या गावाला आग लावते, त्याच्या अलीकडच्या गावात उभं राहून आपण 'धूर दिसत नाही' असा अहवाल लिहितो. या प्रकाराला आज ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. अशा मुलाला मोठा आवाज, धक्का, थरथर जाणवू शकते. बोललेला शब्द मात्र विस्कटून पोचतो, आणि प्रतिसाद आज आहे तर उद्या नाही. काकूंच्या नातवाला विमान कळायचं आणि हाक कळायची नाही, ते याच्याशी जुळतं.

हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. तरीही अनेक प्रबंधांत 'कावीळ झालेल्या इतक्या बाळांची ओएई केली, इतकी पास झाली, म्हणून संबंध आढळला नाही' हा निष्कर्ष डोळे झाकून लिहिला जातो. निष्कर्ष कावीळीविषयी नसतो, साधनाविषयी असतो. अमेरिकेतल्या बालश्रवण समितीने 2007 च्या निवेदनात स्पष्ट म्हटलं, की एनआयसीयूत पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळांची चाळणी बेराच्या पद्धतीनेच करावी, म्हणजे नसेचा दोष निसटणार नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये साधनाचा रकाना भरताना 'उपलब्ध आहे' हे कारण पुरेसं नाही.

ही झाली परिणाम मोजण्याची फूटपट्टी. कारण मोजण्याची फूटपट्टीही तितकीच दगा देते, आणि ती गोष्ट जुनी आहे. 1956 मध्ये न्यूयॉर्कच्या सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून द्यायच्या दोन औषधयोजनांची तुलना छापली. एका गटात पेनिसिलिनसोबत सल्फा औषध होतं. त्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि शवविच्छेदनात बाळांच्या मेंदूत कावीळीचे पिवळे डाग जास्त सापडले. गंमत, खरं तर शोकांतिका, अशी की त्या बाळांची रक्तातली कावीळ काही भयंकर वाढलेली नव्हती. उलगडा नंतर ओडेल यांच्या कामातून झाला. रक्तात बिलीरुबिन अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं, तोवर ते मेंदूत शिरत नाही. सल्फाने त्याला पाठीवरून ढकलून दिलं आणि सुटं झालेलं बिलीरुबिन मेंदूत गेलं. प्रयोगशाळा मोजत होती बसलेलं आणि सुटं मिळून एकूण. नुकसान करत होतं सुटं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात अल्ब्युमिन आधीच कमी असतं, त्यात आजारपण. म्हणून त्याचा एकूण 10 आणि पूर्ण दिवसांच्या गुटगुटीत बाळाचा एकूण 10 हे एकच आकडे नव्हेत. अमीन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 28 ते 32 आठवड्यांच्या बाळांची लागोपाठ बेरा करून दाखवलं, की लहरींचा बिघाड सुट्या बिलीरुबिनशी जुळतो, एकूणाशी तितका जुळत नाही. पण सुटं बिलीरुबिन मोजायची सोय रोजच्या दवाखान्यांत नसते, म्हणून आजही आपण एकूणच मोजतो. आणि मग लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये तो आकडा घालून पी-व्हॅल्यूची वाट बघत बसतो.

आता त्या गाजलेल्या पेपरकडे येऊ. मॉरिस आणि सहकारी, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, 2008. अमेरिकेतल्या नवजात संशोधन जाळ्यातल्या 16 केंद्रांवर 501 ते 1000 ग्रॅम वजनाची 1974 बाळं (हे वर्ष नाही, बाळांची संख्या आहे, मी पहिल्यांदा वाचताना फसले होते). चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट. एका गटात दिवा लगेच लावायचा आणि पहिल्या आठवड्यात बिलीरुबिन 5, दुसऱ्या आठवड्यात 7 च्या वर गेलं की पुन्हा लावायचा. दुसऱ्या गटात वाट बघायची: 750 ग्रॅमपर्यंतच्या बाळांत 8, त्यावरच्या बाळांत 10 झालं की मग दिवा. पहिल्याला आक्रमक, दुसऱ्याला संयमी म्हणू.

मुख्य निकाल काय? 'मृत्यू किंवा विकासातला दोष' हा मिळून एक परिणाम: आक्रमक गटात 52 टक्के, संयमी गटात 55. पी 0.15. सारांशाच्या पहिल्या ओळींवर थांबणारा विद्यार्थी इथे लिहितो, 'फरक नाही', आणि पुढच्या पेपरकडे जातो. थांबू नका. पेपरची खरी गोष्ट याच्या खाली आहे.

नुसता विकासातला दोष घेतला तर 26 विरुद्ध 30 टक्के. तीव्र श्रवणदोष 1 विरुद्ध 3 टक्के. आणि दोन्ही गटांतल्या कमाल बिलीरुबिनची सरासरी? 7.0 आणि 9.8. हा आकडा दोनदा वाचा. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या बाबतीत डॉक्टरांना धास्ती वाटते ती 20 च्या आसपास. इथे ज्याला कुणी कावीळ म्हणून गंभीर मानणार नाही, अशा 10 च्या आतल्या पातळीत तीन अंकांचा फरक आणि ऐकू न येणाऱ्या मुलांच्या प्रमाणात एवढी तफावत.

यावर तुम्ही म्हणाल, एनआयसीयूतल्या बाळाला कावीळ एकटी थोडीच असते! जेंटामायसिन किंवा अमिकासिन असतं, व्हेंटिलेटर असतो, ऑक्सिजन कमी पडलेला असतो, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड असतं, मशीनचा गोंगाट असतो. यातलं प्रत्येक कानाला धोक्याचं. बरोबर. आणि म्हणूनच नुसतं निरीक्षण करून काढलेल्या संबंधांवर माझा विश्वास कमी आहे. उलट त्यात एक सापळा आहे, तो फार जणांच्या लक्षात येत नाही. जे बाळ सर्वांत लहान आणि नाजूक, त्याला दिवा सर्वांत लवकर लागतो. त्यामुळे त्याचा कमाल बिलीरुबिनचा आकडा कमी राहतो. आणि बहिरेपणाचा धोका त्यालाच जास्त, बाकीच्या कारणांमुळे. मग तुमच्या माहितीत काय दिसेल? बिलीरुबिन जितकं कमी, तितका श्रवणदोष जास्त! सॉफ्टवेअर हे बिनतक्रार छापून देईल. चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात ही गाठ सुटते, कारण अमिकासिन मिळालेली बाळं दोन्ही बाजूंना सारखीच वाटली जातात. मॉरिस यांच्या पेपरची ताकद ही आहे.

आता त्याच्या दुखऱ्या जागा.

पहिली म्हणजे मृत्यू. मेलेल्या बाळाचे कान तपासता येत नाहीत. म्हणूनच लेखकांनी मृत्यू आणि दोष एकत्र बांधले, आणि ते योग्यच. पण बांधल्यावर दोन उलट दिशेचे बाण एकमेकांना खाऊन टाकू शकतात. सगळी बाळं मिळून मृत्यू 24 विरुद्ध 23, म्हणजे जवळपास सारखे. मात्र 501 ते 750 ग्रॅमच्या बाळांत आक्रमक गटात 39 टक्के गेली, संयमी गटात 34. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक योगायोगाने येऊ शकतो. मर्यादांच्या पट्ट्यात 'फरक नाही' हेही बसतं. पण पाच टक्क्यांची ही शक्यता टेबलावर असताना श्रवणदोषातला दोन टक्क्यांचा फायदा कसा वाचायचा? वाचलेल्या मुलांत बहिरेपण कमी दिसलं, ते दिव्याने कान वाचवले म्हणून, की जी बहिरी झाली असती त्यातली काही आधीच गेली म्हणून? एकूण मृत्यू सारखे असल्याने मला पहिलं उत्तर जास्त पटतं. पण सर्वांत लहान बाळांपुरतं मी ते छातीठोकपणे म्हणणार नाही. लेखकांनीही सारांशातच ही काळजी नोंदवली आहे, आणि 2012 मध्ये त्याच गटातल्या टायसन यांनी बेझियन पद्धतीने पुन्हा गणित करून ती आणखी गंभीरपणे मांडली. बिलीरुबिन थोड्या प्रमाणात शरीराचं रक्षणही करतं, पातळ त्वचेतून प्रकाश खोल जातो, ही कारणं मांडली गेली आहेत. आपलं औषध निरुपद्रवी आहे असं गृहीत धरणाऱ्यांसाठी 1956 आणि 2008 हे दोन पेपर शेजारी ठेवावेत.

दुसरी जागा: श्रवणदोष हा मुख्य परिणाम नव्हता. अनेक दुय्यम परिणामांतला तो एक. वीस गोष्टी तपासल्या की एखादी नुसत्या नशिबाने चमकते. मी इथे थोडी उदार आहे, कारण मुळात बिलीरुबिन श्रवणमार्गाला इजा करतं हे जीवशास्त्र आधीपासून माहीत होतं. म्हणजे बाण मारून मग वर्तुळ काढलेलं नाही, वर्तुळ आधीच होतं.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: मोजलं काय? सुधारित 18 ते 22 महिन्यांच्या वयाला (म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयाला) आढळलेला तीव्र श्रवणदोष. अर्धवट ऐकणारी, गोंगाटात शब्द हरवणारी, शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून मागच्या बाकावर जाणारी मुलं या गाळणीतून खाली पडली असणार. ऑडिटरी न्यूरोपथीची कितीतरी मुलं याच वर्णनाची असतात. म्हणजे 1 आणि 3 टक्के हे हिमनगाचं टोक असू शकतं, किंवा नसेलही. पेपर ते सांगत नाही, आणि आपणही त्याच्या तोंडी ते घालू नये.

आता इथलं काय? हा पेपर उचलून पुण्यात लावता येईल का? तिथली बाळं एक किलोच्या आतली. आपल्याकडे दिव्याखाली झोपलेली पुष्कळशी बाळं दीड-दोन किलोची, त्यांत कितीतरी दिवसही अपुरे आणि वजनही दिवसांच्या मानाने कमी असलेली. याची जाणीव इथे नवी नाही. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरी यांनी 1987 ते 1989 मध्ये जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या, नवजात विभागातून घरी गेलेल्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला तो ती अठरा वर्षांची होईपर्यंत. 'पुणे लो बर्थ वेट स्टडी' या नावाने त्याचे टप्पे इंडियन पीडियाट्रिक्समध्ये छापून आले. तो कावीळ आणि कानासाठी आखलेला अभ्यास नव्हे. बुद्ध्यांक, शाळेतली प्रगती हा त्याचा गाभा. त्यातून कावीळीचा निष्कर्ष काढू नका. पण इंडियन पीडियाट्रिक्सचे ते लेख पाठपुरावा कसा करतात हे शिकण्यासाठी जरूर वाचा. वजन कमी आणि दिवस अपुरे हे वेगळे गट करून बघणं, बरोबरीने पूर्ण दिवसांची मुलं ठेवणं, आणि मुख्य म्हणजे मुलं हातची जाऊ न देणं.

हातची जाणं म्हणजे काय, हे फील्डवर गेल्याशिवाय कळत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ पुण्यात एनआयसीयूत, आई दीड महिन्याने सासरी बीडला. किंवा आईवडील धानोरी-चऱ्होलीच्या बांधकामावर, काम संपलं की पुढच्या साइटवर. फोन नंबर बदललेला. मग तुमच्याकडे परत कोण येतं? एक तर ज्यांना शंका आलेली आहे ते, किंवा ज्यांच्या घरी बाळाला रिक्षाने आणायला दोन माणसं मोकळी आहेत ते. पहिल्यामुळे आकडा फुगतो, दुसऱ्यामुळे आटतो, आणि दोन्ही मिळून काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. 'फॉलोअपला 60 टक्के आले' एवढं लिहून पुढे जाऊ नका. न आलेल्या 40 टक्क्यांचं जन्मवजन, कावीळ, दिव्याचे दिवस तुमच्याकडे फाइलमध्ये आहेतच. आलेल्यांशी ते ताडून एक तक्ता द्या. परीक्षक तोच आधी बघतात. निदान चांगले परीक्षक तरी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला आणि त्याच्या आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. यादीत असणं चांगलंच. पण 'जन्मजात' या शब्दात काकूंचा नातू बसतो का? तो जन्मला तेव्हा बहुधा ऐकू शकत होता. त्याची नस पुढच्या आठ-दहा दिवसांत दुखावली असेल, कावीळीने, औषधाने, की दोन्हींनी, ते आता एका मुलापुरतं कुणालाही ठरवता येणार नाही. काकूंनी मला तेही विचारलं होतं: "दिवा आधी लावला असता तर?" मी त्यांना मॉरिसचे टक्के सांगितले नाहीत. गटाचं उत्तर एका मुलाला लावता येत नाही, हे तुम्हाला वर्गात सांगणं सोपं आहे. जिन्यात उभ्या असलेल्या आजीला सांगणं अवघड.

मी सांगितलं ते एवढंच, की बेरा पुन्हा करायची असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात नस आणि देठाचं पिकणं चालूच असतं, आणि कावीळ उतरल्यावर काही बाळांत लहरी परतही येतात. म्हणून एकाच दिवशीच्या बेरावर ना घाबरायचं ना निश्चिंत व्हायचं. त्याच्या बाबतीत दुसऱ्यांदाही लहरी आल्या नाहीत. आता श्रवणयंत्र लावून बघतायत, आठवड्यातून दोनदा थेरपी आहे, आणि फरक पडला नाही तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार करायचा असं ऑडिओलॉजिस्टनी सांगितलंय. काकू जिन्यात भेटल्या की त्याला माझ्याकडे तोंड करून धरतात आणि म्हणतात, "हाक मार, समोरून मार, त्याला ओठ दिसू देत."

माझा सिनॉप्सिस बदलला. ओएई ठेवली आहे, पण बेराच्या जोडीला, कारण दोन्ही शेजारी ठेवल्या तरच नसेचा दोष कॉक्लियाच्या दोषापासून वेगळा काढता येतो. एकूण बिलीरुबिनसोबत अल्ब्युमिन मोजतेय, सुट्या बिलीरुबिनची ती पुरती जागा घेत नाही हे माहीत असूनही. अमिकासिनचे दिवस आणि व्हेंटिलेटरचे तास वेगळे रकाने. मृत्यूंची नोंद वेगळी. आणि पालकांना द्यायच्या कागदावर 'पास' हा शब्द काढून टाकला आहे. त्या जागी मराठीत दोन ओळी आहेत: आज आतल्या कानाचा एक भाग तपासला, तो ठीक आहे. नसेची तपासणी बाकी आहे, बाळ सुधारित तीन महिन्यांचं झालं की या, आणि सासरी जाणार असाल तर तिथला नंबर इथे लिहा.